‘तत्त्वतः’ समान

आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर केटे कोलविट्झच्या एका चित्राची प्रत बरीच वर्षं लावलेली आहे. पोरांना कवेत घेऊन, एकमेकींना बिलगून उभ्या असलेल्या आया. ती कुणी आणली, हे आता आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही. गेल्या महिन्यात अभ्यासमंडळाच्या बैठकीत नव्यानेच येऊ लागलेल्या एका मुलीनं त्या चित्राबद्दल विचारलं. मग गोष्ट निघाली ती पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीची. तिथे बायकांना मत मिळालं, नोकऱ्या मिळाल्या, कापलेल्या केसांनी आणि आखूड झग्यांनी रस्त्यावरून हिंडता आलं. नाटकं, चित्रं, सिनेमा, कादंबऱ्या, सगळीकडे नवा वारा होता. मुलगी ऐकत होती. शेवटी म्हणाली, “ताई, इतकं सगळं होतं, तर चौदा वर्षांत गेलं कसं?”

मी झटकन म्हणून टाकलं, “हिटलर आला ना!” तिनं मान डोलावली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. घरी गेल्यावर माझंही झालं नाही. चोर आला आणि घर लुटलं, एवढंच सांगून भागतं का? दार आधीपासून उघडं होतं, आणि ते घरच्याच माणसांनी उघडं ठेवलं होतं, हे सांगायला नको? म्हणून या अंकात त्या प्रश्नाचं उत्तर थोडं सविस्तर देते आहे.

सुरुवात आनंदाची आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये कैसर गेला, प्रजासत्ताक आलं, आणि तीनच दिवसांत, १२ नोव्हेंबरला, वीस वर्षांवरच्या सर्व स्त्री-पुरुषांना मताधिकार जाहीर झाला. १९ जानेवारी १९१९ च्या निवडणुकीत ४२३ जणांच्या घटना समितीत ३७ स्त्रिया निवडून आल्या. एक महिन्यानं मारी युखाच ही सोशल डेमोक्रॅट कार्यकर्ती बोलायला उभी राहिली. जर्मनीच्या राष्ट्रीय सभागृहातलं स्त्रीचं ते पहिलं भाषण. तिनं सरकारचे आभार मानायला साफ नकार दिला. जे आजवर अन्यायानं नाकारलं होतं तेच आम्हाला मिळालं आहे, त्यात उपकार कसले, असा तिचा रोख होता.

पण ऑगस्ट १९१९ मध्ये जी राज्यघटना अंमलात आली, तिच्या १०९ व्या कलमात एक छोटासा शब्द येऊन बसला. स्त्री आणि पुरुष यांना ‘तत्त्वतः’ समान नागरी हक्क आणि कर्तव्यं असतील. हा ‘तत्त्वतः’ काढून टाका, असा आग्रह सभागृहातल्या डाव्या पक्षांच्या स्त्रियांनी धरला होता. तो बहुमतानं फेटाळला गेला. वकिलांना अशा शब्दाचा उपयोग नेमका कळतो. तत्त्वतः समान, म्हणजे अपवाद करता येईल. शिवाय १९०० सालचा दिवाणी कायदा तसाच राहिला. त्यात संसारातल्या सगळ्या बाबतींत अखेरचा शब्द नवऱ्याचा होता. त्याला कोर्टाच्या संमतीनं बायकोचा नोकरीचा करारसुद्धा संपवता येत होता. म्हणजे बाई मतपेटीपुढे नागरिक होती आणि घराचा उंबरा ओलांडून आत आली की आश्रित. आणि युद्धाच्या काळात जिनं कारखाने आणि ट्रामगाड्या चालवल्या, तिला १९१९ मध्येच परतलेल्या सैनिकांसाठी जागा खाली करायला लावली होती.

यानंतर आला १९२३ चा चलनफुगवटा. त्याच्या गोष्टी आपण शाळेत ऐकल्या आहेत. युद्धाआधी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. कारण होतं युद्धाचं कर्ज, नुकसानभरपाईचा बोजा, आणि जानेवारीत फ्रेंच-बेल्जियन फौजांनी रुर खोरं ताब्यात घेतल्यावर तिथल्या संपकरी कामगारांना पगार देण्यासाठी छापलेल्या नोटा. हा फुगवटा सोसला कुणी? पगाराच्या दिवशी बायका कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहत, नवऱ्याच्या हातातून नोटा घेत आणि भाव वाढायच्या आत दुकानाकडे पळत. युद्धात नवरा गेलेल्या बाईचं निवृत्तिवेतन, म्हाताऱ्या शिक्षिकेची बचत, मुलीच्या लग्नासाठी बाजूला टाकलेली पुंजी, सगळ्याचा कागद झाला. ज्यांच्याकडे कारखाने आणि जमिनी होत्या, त्यांची कर्जं मात्र फुकटात फिटली.

नोव्हेंबरच्या मध्याला नवं चलन आलं, रेंटेनमार्क. एक लाख कोटी जुने मार्क द्या आणि एक नवा घ्या. जमीन आणि उद्योग यांच्यावरच्या गहाणाचा त्याला आधार होता. नोटा बेतानं छापल्या, लोकांचा विश्वास बसला आणि पैसा थांबला. इतिहासाच्या पुस्तकात याला चमत्कार म्हणतात. पण त्याचं बिलही आलं होतं, आणि ते पुस्तकात बारीक अक्षरांत असतं. सरकारी खर्च कमी करण्यासाठी २७ ऑक्टोबर १९२३ ला, म्हणजे नवं चलन येण्याच्या तीन आठवडे आधी, नोकरकपातीचा वटहुकूम निघाला. त्यातल्या एका कलमानं विवाहित सरकारी नोकर स्त्रीला, तिच्या पोटापाण्याची सोय आहे असं दिसलं तर, काढून टाकण्याची मुभा दिली. घटनेचं १२८ वं कलम स्पष्ट सांगत होतं की सरकारी नोकरीत स्त्रियांविरुद्धचे सारे अपवाद रद्द. वटहुकमानं ते बाजूला ठेवलं. डिसेंबरात आणखी एक हुकूम आला आणि १९१८ च्या क्रांतीनं मिळवलेल्या आठ तासांच्या दिवसाला मोठी भोकं पडली.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबूया. हिटलर या वेळी कुठे होता? म्युनिकमधला त्याचा फसलेला उठाव नोव्हेंबरातला आहे, आणि १९२४ मध्ये तो तुरुंगात होता. विवाहित बाईला नोकरीवरून काढण्याची वाट त्यानं शोधली नाही. ती लोकशाही सरकारनं, अर्थव्यवस्था सावरताना, तात्पुरती म्हणून आखली. आणि तात्पुरतं किती? ते कलम १९२९ पर्यंत लांबवत नेलं गेलं. १९२४ ते १९२९ या ज्या पाच वर्षांना ‘सोनेरी’ म्हणण्याचा प्रघात आहे, ती नेमकी हीच वर्षं.

ती वर्षं खोटी होती असं मी म्हणणार नाही. १९२४ च्या डॉझ योजनेनं नुकसानभरपाईचे हप्ते बांधून दिले, ८० कोटी सुवर्णमार्कांचं कर्ज उभं करून दिलं, आणि त्यामागोमाग अमेरिकन पैशाचा ओघ सुरू झाला. कारखान्यांत नवी यंत्रं आली. नगरपालिकांनी घरं, दवाखाने, पोहण्याचे तलाव बांधले. १९२७ मध्ये बेकारी विमा आला, त्याच वर्षी बाळंतपणाच्या संरक्षणाचा कायदा आला. पण ही कर्जं बरीचशी अल्प मुदतीची होती, आणि बांधकामं दीर्घ मुदतीची. शिवाय अमेरिकेचा पैसा जर्मनीत यायचा, जर्मनीकडून नुकसानभरपाई म्हणून इंग्लंड-फ्रान्सला जायचा, आणि तिथून युद्धाच्या कर्जाची फेड म्हणून पुन्हा अमेरिकेत. चाक फिरत होतं तोवर सगळ्यांना गती दिसत होती. एका शेजारणीकडून उसनं पीठ आणून दुसरीचं फेडणाऱ्या घरात चूल पेटलेली दिसतेच, डबा मात्र रिकामा असतो.

त्या पेटलेल्या चुलीच्या उजेडात जे फुललं, त्यातलं बरंच आपल्यापर्यंत पोचलेलं आहे. पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ आपल्यातल्या अनेकींनी पाहिलं असेल. ते ज्या ब्रेख्तच्या १९२८ च्या संगीतिकेवरून आलं, ती मुळात एका अठराव्या शतकातल्या इंग्रजी नाटकावर आधारलेली. त्या इंग्रजी नाटकाचं जर्मन भाषांतर एलिझाबेथ हाउप्टमान या तरुण स्त्रीनं केलं, ब्रेख्तचं लक्ष त्याकडे वेधलं, आणि लिखाणातही तिचा हात होता. तिच्या वाट्याला उत्पन्नाचा लहानसा हिस्सा आला. नाव मात्र कुणाचं राहिलं, ते आपल्याला माहीत आहे.

हाना ह्योखनं मासिकांतली छायाचित्रं कात्रीनं कापून, जोडून, त्या काळातल्या पुरुषी राजकारणाची भेदक थट्टा केली. तिच्या सर्वांत गाजलेल्या चित्राच्या लांबलचक नावात स्वयंपाकघरातली सुरी आहे, आणि एका कोपऱ्यात युरोपातल्या ज्या देशांत बायकांना मत मिळालं त्यांचा नकाशा आहे. १९२० च्या बर्लिनमधल्या दादा प्रदर्शनात ते चित्र लागलं खरं, पण तिचेच क्रांतिकारक सहकारी तिला त्यात घ्यायला नाखूश होते. पुढे त्यांच्यातल्या एकानं आठवणी लिहिल्या तेव्हा, पैसे नसतानाही ती सगळ्यांसाठी खाण्यापिण्याची सोय कशी करायची, याचं कौतुक आठवणीनं केलं!

बाउहाउस ही कलाशाळा १९१९ मध्ये वायमारमध्ये सुरू झाली. स्त्री-पुरुष भेद नाही, अशी घोषणा झाली आणि मुलींची रीघ लागली. तेव्हा संस्थाचालक घाबरले आणि बहुतेकींना विणकामाच्या विभागात धाडण्यात आलं. गंमत अशी की गुंटा श्ट्योल्झलच्या हाताखाली तोच विभाग शाळेच्या कमावत्या विभागांपैकी एक ठरला. फ्रँकफुर्टमध्ये मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी स्त्रीनं १९२६ मध्ये कामगारवस्तीसाठी छोटं, आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. पावलं वाचावीत, वेळ वाचावा, हातासरशी सगळं मिळावं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आज आपल्या फ्लॅटमध्ये जो ओटा आहे, त्याची ती थोरली बहीण. बाईचे श्रम कमी झाले, हे मोठंच काम. पण त्या खोलीत एकाच माणसाला जेमतेम वावरता येत होतं, आणि ते माणूस कोण, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

आणि ती ‘नवी स्त्री’? मासिकांच्या मुखपृष्ठावरची, केस कापलेली, सिगारेट ओढणारी? १९२५ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी १५ लाख स्त्रिया कामकरी म्हणून नोंदल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी घरच्याच शेतावर किंवा दुकानात बिनपगारी राबत होत्या. टंकलेखिका, दुकानातल्या विक्रेत्या, टेलिफोनवरच्या मुली ही नवी जमात खरी, पण पगार पुरुषांहून कमी, आणि लग्न होताच घरी जायचं हे गृहीत. इर्मगार्ड कॉयन हिच्या १९३२ च्या कादंबरीतली टंकलेखिका मुलगी बर्लिनला येते ती झगमगायला, आणि तिचं रेशीम असतं कृत्रिम. वर्षभरातच नाझींनी कॉयनच्या पुस्तकांवर बंदी घातली.

याच बर्लिनमध्ये १९२८ ते १९३० या काळात आपल्याकडची एक तरुण स्त्री मानववंशशास्त्र शिकत होती. इरावती कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांना, महर्षी कर्व्यांना, सुनेनं असं परदेशी जाणं पसंत नव्हतं. नवऱ्याच्या पाठिंब्यावर ती गेली. तिचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशाशी जोडता येईल, असा त्यांचा होरा होता. इरावतीबाईंनी मापं घेतली आणि तसं काही आढळत नाही, असं प्रबंधात लिहून दिलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या शहरात रात्री नाट्यगृहं गजबजत होती, त्याच शहरातल्या एका प्रतिष्ठित संस्थेत, सरकारी खर्चानं, वंशाची उतरंड शास्त्र म्हणून शिकवली जात होती. विष बाहेरून आलं नव्हतं. आणि ते ओळखायला जर्मन असावं लागत नव्हतं, प्रामाणिकपणे मोजायची तयारी पुरत होती.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. अमेरिकन सावकारांनी हात आखडता घेतला आणि चाक थांबलं. मार्च १९३० मध्ये लोकशाहीवादी पक्षांचं संयुक्त सरकार पडलं ते बेकारी विम्याचा हप्ता कुणी किती वाढवायचा या वादावरून. त्यानंतर संसदेत बहुमतानं चालणारं सरकार आलंच नाही. राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांवर कारभार चालू लागला, पगार आणि भत्ते कापले गेले. जुलै १९३१ मध्ये बँका बंद पडल्या. १९३२ च्या सुरुवातीला नोंदलेले बेकार साठ लाखांवर गेले. १९२८ मध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास मतं मिळवणारा नाझी पक्ष सप्टेंबर १९३० मध्ये १८ टक्क्यांवर आणि जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांवर पोचला.

याच काळात गर्भपाताला गुन्हा ठरवणाऱ्या २१८ व्या कलमाविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली. कोलविट्झनं आधीच त्याविरुद्ध भित्तिचित्र केलं होतं. तिसरं पोर कडेवर येणार म्हणून खचलेली कामगार बाई आम्ही समजू शकतो, हे डॉक्टर सांगू लागले. १९३१ मध्ये एल्झे कीन्ले आणि फ्रीडरिश वोल्फ या दोन डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा गावोगाव हजारो बायका रस्त्यावर आल्या. कलम हललं नाही.

आणि दुसरीकडे ओरड सुरू झाली, ‘दुहेरी कमावत्यां’ना हाकला! नवरा कमावतो आहे, मग बायको कशाला? लोखंड-कोळशाच्या कारखान्यांतले पुरुष आधी बेकार झाले होते, आणि स्वस्तात मिळणाऱ्या बायका काही ठिकाणी टिकून होत्या, म्हणून ही ओरड लोकांना पटे. पण खाणकामगार टेलिफोनच्या फळीवर जाऊन बसणार नव्हता. तरीही ३० मे १९३२ ला, म्हणजे हिटलर सत्तेवर यायच्या आठ महिने आधी, संसदेनं कायदा केला. विवाहित सरकारी नोकर स्त्रीची आर्थिक सोय असेल तर तिला काढता येईल. कम्युनिस्ट वगळता जवळजवळ सगळ्या पक्षांनी पाठिंबा दिला. ज्या पक्षानं १९१८ मध्ये मताधिकार आणला, त्यानंही. साठ लाख बेकारांपुढे या कायद्यानं मोकळ्या झालेल्या जागा मोजदादीत धरण्याजोग्याही नव्हत्या. पण ‘तत्त्वतः’चा अर्थ सर्वांना कळला.

याहून बोचणारी गोष्ट पुढेच आहे. नोकरदार स्त्रियांच्या संघटनांपैकी काहींना हा कायदा फारसा वाईट वाटला नाही. सभासद बहुतेक अविवाहित. विवाहिता गेल्या तर आपली जागा टिकेल, बढती मिळेल, हा हिशेब होता. जाणाऱ्यांना थोडी रक्कम मिळते आहे ना, मग झालं.

हे वाचताना मला माझीच आठवण आली, ती लपवत नाही. पंचविशीत असताना मी एका खाजगी कचेरीत टंकलेखिका होते. मंदीत कपात करायची ठरली आणि साहेबांनी यादी केली. ज्यांचे नवरे कमावते त्या आधी. चार नावं लागली. माझं नव्हतं, कारण माझं लग्न झालेलं नव्हतं. त्या दुपारी मी डबा खाल्ला, चहा घेतला, आणि मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला. त्या चौघींपैकी एकीनं जाताना माझ्या टेबलावरची तिची फूटपट्टी उचलली आणि काही न बोलता गेली. मी नाझी नव्हते. मी फक्त यादीत नव्हते. आज वाटतं, त्या दिवशी मी निदान उभी राहायला हवी होते.

३० ऑगस्ट १९३२ ला संसदेचं अधिवेशन सुरू झालं. वयानं सर्वांत ज्येष्ठ म्हणून ते सुरू करण्याचा मान होता पंचाहत्तर वर्षांच्या, आजारानं खचलेल्या क्लारा झेटकिनचा. स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय दिवस मांडणारी तीच. समोर २३० नाझी बसलेले असताना तिनं फॅसिझमविरुद्ध सगळ्यांनी एक व्हा, असं आवाहन केलं. पण एकमेकांना शत्रू म्हणण्यात कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट यांची इतकी वर्षं गेली होती, आणि त्यात तिचा पक्षही मागे नव्हता. हाक योग्य होती, वेळ निघून गेली होती.

जानेवारी १९३३ नंतर फार काळ लागला नाही. कोलविट्झला कला अकादमी सोडावी लागली. हीच अकादमी जिची ती १९१९ मध्ये सदस्य झाली होती. मारी युखाच परागंदा झाली. मे महिन्यात जर्मन स्त्री-संघटनांच्या महासंघापुढे अट आली की नाझी व्यवस्थेत सामील व्हा. ज्यू स्त्रियांची संघटना बाहेर पडली आणि महासंघानं स्वतःला विसर्जित केलं. जूनमध्ये नव्या राजवटीनं तरुण जोडप्यांसाठी लग्नाचं कर्ज जाहीर केलं. हजार मार्कांपर्यंत, एक अट अशी की बायकोनं नोकरी सोडायची. प्रत्येक मुलामागे पाव कर्ज माफ. उसन्या पैशावर सुरू झालेली गोष्ट अशी उसन्या पैशावरच संपली. या वेळी तारण म्हणून बाईची नोकरी आणि तिची कूस ठेवून घेतली गेली.

तेव्हा त्या मुलीला मी आता असं सांगेन. बाई, ते सगळं एका रात्रीत गेलं नाही. ते आधी तात्पुरतं गेलं, मग काटकसरीसाठी गेलं, मग बेकारांच्या नावानं गेलं, आणि प्रत्येक वेळी आपल्यापैकी काहीजणी यादीत नव्हत्या म्हणून गप्प राहिल्या. अर्थव्यवस्था सावरते आहे असं कुणी सांगितलं तर जरूर आनंद मान, पण बिल कुणाच्या नावावर फाडलं आहे तेही विचार. नाटक-सिनेमात बाई मोकळी दिसली तर टाळी दे, पण तिच्या हजेरीपटावर आणि सातबाऱ्यावर काय लिहिलं आहे ते बघ. आणि कायद्यात ‘तत्त्वतः’, ‘शक्यतो’, ‘परिस्थितीनुसार’ असे सभ्य शब्द दिसले की पेन्सिल घेऊन त्याखाली रेघ मार.

पुढच्या बैठकीत आपापल्या संघटनेचा, गटाचा, कामाच्या जागेचा एखादा नियम सोबत घेऊन या. असा एक तरी शब्द सापडेलच. त्यावर बोलू. कोलविट्झचं चित्र आहेच भिंतीवर, त्याच्याखाली बसू.

तुमची,
संपादक